आडातील पाणी आणि परसातील टाकी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या या वार्षिक संमेलनात आजवर पुष्कळ विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. धर्म, साहित्य, शिक्षण, व्यापार अशा थोर विषयांवर ती होती. त्या मालिकेत माझ्यासारख्या एका सामान्य मास्तरास उभे करण्यात कार्यकारी मंडळाने औदार्यच दाखविले आहे. मी १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि कणकवली तालुक्यातील प्राथमिक शाळांत ३७ वर्षे मुलांना बाराखडी व पाढे शिकविले. याहून अधिक विद्या मजपाशी नाही. त्यामुळे विषयही मी माझ्या आवाक्यातला, किंबहुना माझ्या परसातला निवडला आहे. घरची विहीर आणि घरच्या संडासाची टाकी, यांची निगा कशी राखावी, हा तो विषय होय.

विषयाचे नाव ऐकताच काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मला येथून दिसते. मंगल प्रसंगी मास्तरांना हे काय सुचले, असेही कोणास वाटेल. परंतु ज्या गोष्टीचे नाव घेण्यास आपण संकोचतो, तीच गोष्ट मुकाट्याने आपल्या तांब्याभांड्यात येऊन बसते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून संकोच बाजूस ठेवून आपण थोडा वेळ माझे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपल्या कोकणात विहिरीला केवढा मान! नवी वधू घरात आली की तिला प्रथम विहीर दाखवावयाची, तिने हळदकुंकू वाहून पहिली घागर भरावयाची. विहीर लागली तर खणणाऱ्यास धोतरजोडी द्यावयाची. उन्हाळ्यात वैशाखाच्या अखेरीस विहीर उपसून गाळ काढावयाचा, कपारीतली झाडोरा उपटावयाचा आणि मग पावसाची वाट पाहावयाची. हे सर्व आपल्या वाडवडिलांनी केले. रहाटाचा करकर आवाज ऐकत आपण लहानाचे मोठे झालो.

त्या काळी शौचाची जागा घरापासून दूर असे. ती सोय चांगली होती असे मी मुळीच म्हणणार नाही. पावसाळ्यात, काळोखात, सापाकिरड्यांतून घरच्या बायाबापड्यांना किती हाल सोसावे लागत, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. पुढे घरोघर संडास झाले. २००० साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम सुरू झाली, २०१४ च्या २ ऑक्टोबरपासून देशभर स्वच्छ भारत मोहीम निघाली, आणि आज गावात संडास नाही असे घर क्वचितच आढळते. ही गोष्ट भूषणास्पदच आहे. मात्र संडास घराजवळ आला, आणि विहीर तर आधीपासूनच घराजवळ होती. या दोघींमध्ये अंतर किती राहिले, हे मोजण्याचे मात्र आपण विसरलो.

इतरांचे कशाला सांगू? मीच विसरलो. ती हकीकत सांगितल्याशिवाय उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, म्हणून ती प्रथम सांगतो.

आमच्या मूळ घराशेजारी माझे थोरले चुलतबंधू राहतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दोन्ही घरांची विहीर सामाईक, आजोबांनी खणलेली, चिऱ्यांनी बांधलेली. २०११ साली मी घर दुरुस्त केले आणि घरालगतच संडास व न्हाणीघर बांधले. टाकी कोठे घ्यावी असा प्रश्न आला. पुढील दारी तुळशीवृंदावन, एका बाजूस मांगर, दुसऱ्या बाजूस गाडीची वाट. उरला परसातला वरच्या अंगाचा कोपरा. तेथून विहीर जेमतेम २५ फूट, आणि जमिनीचा उतार सरळ विहिरीकडे. काम करणारा गवंडी म्हणाला, ‘मास्तर, तळाला काँक्रीट घालूच नका. पाणी आपसूक जिरेल, टाकी जन्मात भरणार नाही.’ खर्च वाचला म्हणून मी खूष झालो. पुढे कित्येक वर्षे मी शेजाऱ्यापाजाऱ्यांस अभिमानाने सांगत असे की, आमची टाकी एकदाही उपसावी लागली नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजण हेच वाक्य अभिमानाने बोलत असतील. म्हणून हे नीट ध्यानात घ्यावे. जी टाकी वर्षानुवर्षे भरत नाही, ती उत्तम नव्हे. ती गळते आहे. तिच्यातले जे टाकीत नाही, ते कोठेतरी गेलेच आहे.

२०१७ च्या जून महिन्यात पाऊस धोधो लागला. जुलैमध्ये दादांच्या घरी कावीळ शिरली. प्रथम दादा, मग त्यांचा मुलगा, आणि मागोमाग सूनबाई. सूनबाई तेव्हा सहा महिन्यांच्या गरोदर होत्या. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा एक प्रकार गरोदर स्त्रीस प्राणघातक ठरू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा घरात चूल पेटली नाही. १९ दिवस ती पोर रुग्णालयात होती.

आमच्या घरी मात्र कोणास काही झाले नाही. माझ्या मुलाने मुंबईहून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणून भिंतीवर बसविले होते. आम्ही ते पाणी पीत होतो, आणि दादांचे कुटुंब त्याच विहिरीचे पाणी जसेच्या तसे पीत होते.

वहिनींनी एके दिवशी मला विचारले, ‘भावोजी, तुमच्या टाकीचे तर पाणी विहिरीत येत नाही ना?’ प्रश्न साधा होता. पण मला तो झोंबला. ज्याने गावातल्या दोन पिढ्यांना नखे कापण्यापासून पाणी गाळण्यापर्यंत सर्व शिकविले, त्यास हा प्रश्न! मी फाडकन म्हणालो, ‘विहिरीचे पाणी आरशासारखे स्वच्छ आहे, आत मासे खेळताहेत. बाजारात काहीतरी खाल्ले असेल.’ त्यानंतर दोन्ही घरांतले बोलणे थांबले. त्या वर्षी गणपतीत आरतीला आम्ही एकत्र उभे राहिलो खरे. पण नैवेद्याचे पाणी वहिनींनी खालच्या वाडीतल्या विहिरीवरून डोक्यावर आणले. त्या कळशीकडे मला पाहवेना.

गणपती गेल्यावर मी आरोग्य उपकेंद्रातून पाणी तपासण्याच्या दोन लहान बाटल्या मागून आणल्या. शाळेत हीच चाचणी मी मुलांना करून दाखवीत असे. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरावे, बूच लावावे आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवावे. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतले जंतू असल्याचा दाट संशय धरावा. एका बाटलीत मी आमच्या विहिरीचे पाणी भरले, दुसरीत खालच्या वाडीतल्या विहिरीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बाटली डांबरासारखी काळी झालेली होती. दुसरी जशीच्या तशी होती. मग मी माणसे बोलावून टाकीवरची फरशी उघडविली आणि दुरूनच लांब काठी आत घालून पाहिली. सहा वर्षांचा पाचसहा माणसांचा वापर, आणि टाकीत पाणी हातभरसुद्धा नव्हते.

मी तसाच दादांच्या ओटीवर गेलो आणि झाले ते सांगितले. दादा काही बोलले नाहीत. वहिनी आत गेल्या आणि त्यांनी पाण्याचे भांडे आणून माझ्यापुढे ठेवले. पाणी कोमट होते. त्या घरात तेव्हा थेंबन् थेंब उकळून पीत होते. ते भांडे मी कसे रिकामे केले, ते माझे मला माहीत.

ईश्वरकृपेने सूनबाई बऱ्या झाल्या, बाळंतपण सुखरूप झाले आणि ते मूल आज शाळेत जाते. पण सर्वांच्याच घरी अशी कृपा होईल असे कोणी धरून चालू नये. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिली होती. तिचा अर्थ मला साठीच्या उंबरठ्यावर कळला.

आता हे घडते कसे, ते पाहू. आपल्या भागातला जांभा दगड दिसावयास कठीण, पण अंगी सच्छिद्र. त्यात भोके, नळ्या, फटी यांचे जाळे असते. दाट मातीतून पाणी सावकाश गाळून जाते, जंतू वाटेत अडकतात आणि मरतात. जांभ्याच्या फटीतून मात्र पाणी न गाळता धावते. पावसाळ्यात भूजल वर येते, टाकीच्या तळाला भिडते, आणि मग टाकी व विहीर ही जणू एकाच पाण्यात उभी राहतात. पाणी स्वच्छ दिसते, चव बदलत नाही, मासेही जगतात. रोगजंतूंना रंग नाही, वास नाही. डोळ्यांना आरशासारखे दिसणारे पाणी पोटाला विष असू शकते.

ही गोष्ट काही आजची नव्हे. १८५४ साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पटकीचा भयंकर उद्रेक झाला. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो असा त्या काळच्या विद्वानांचा समज होता. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घरोघर फिरून मृतांची नोंद केली व दाखवून दिले की, बहुतेक माणसे एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होती. त्या पंपाचा दांडा काढविण्यात आला. पुढे शोध घेता आढळले की, शेजारच्या एका घराचा मैल्याचा हौद विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता, त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या, आणि त्या घरातल्या आजारी बालकाची दुपटी धुतलेले पाणी त्याच हौदात गेले होते. विशेष म्हणजे त्या विहिरीच्या पाण्याची चव लोकांना आवडत असे. आपल्याच देशात १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्ली शहरात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले व काविळीने हजारो माणसे आजारी पडली. राजधानीची ही गत, तर आपल्या वाडीची कथा ती काय!

आता उपाय सांगतो. प्रथम विहिरीचे.

विहिरीचा कठडा निदान अडीच फूट उंच असावा. भोवती चारही बाजूंस मीटरभर रुंदीचा पक्का ओटा असावा, त्याला बाहेरच्या बाजूस उतार असावा आणि सांडलेले पाणी पन्हाळीने दूर माडाच्या आळ्यात जावे. कपडे धुणे, भांडी घासणे, गुरे पाजणे हे ओट्यावर होऊ नये. विहिरीचे आतील बांधकाम वरच्या २० फुटांपर्यंत सांधे भरून पाणीबंद करावे, म्हणजे पृष्ठभागाचे पाणी कडेने आत शिरणार नाही. वर जाळी असावी. ज्याच्या त्याच्या घरचा पोहरा आत न सोडता पंप किंवा एकच ठरलेला पोहरा वापरावा.

वर्षातून एकदा, पावसापूर्वी, गाळ काढावा. आत माणूस उतरविण्यापूर्वी कंदील दोरीने सोडून पाहण्याची जुनी चाल योग्य आहे. तो विझला तर कोणीही उतरू नये. मात्र कंदील जळतो म्हणजे सर्व हवा निर्दोष, असेही समजू नये. तेलावर चालणारे इंजिन कधीही विहिरीच्या आत ठेवून चालवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याने आजवर अनेक कुटुंबांचे कर्ते पुरुष नेले आहेत.

त्यानंतर पाणी जंतुविरहित करणे. आपल्या गावी ज्याला आपण टीसीएल पावडर म्हणतो, तीच ही विरंजक चुन्याची पूड. किती टाकावी, याचे गणित मी चौथीच्या मुलांनाही शिकवीत असे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्यास त्यानेच गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा आणि १००० ने गुणा; इतके लिटर पाणी. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८,००० लिटर होते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पूड, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. पावसाळ्यात पाणी ६ मीटर झाले की हीच मात्रा सुमारे १०५ ग्रॅम होते. ज्या दिवसांत धोका अधिक, त्याच दिवसांत पाणीही अधिक, हे विसरू नये.

पूड थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरावी, ढवळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी व चुन्याचा साका टाकून द्यावा. निवळीची बादली दोरीने विहिरीत सोडून वरखाली करीत पाण्यात मिसळावी. हे काम रात्री, पाणी भरणे संपल्यावर करावे, म्हणजे औषधाला निदान तासभर तरी अवधी मिळतो. सकाळी ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याकडून ओटी चाचणी करून घ्यावी. पाण्यास पिवळी छटा आली तर औषध पुरेसे आहे. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेली पूड निःसत्त्व होते, ती वापरून समाधान मानू नये. आणि ज्या विहिरीत मैला शिरला आहे, तिला ही रोजची मात्रा पुरत नाही. तिला आधी उपसा, मग आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने पुष्कळ तीव्र मात्रा, मग पुन्हा उपसा व पुन्हा तपासणी हवी. आमची विहीर तिसऱ्या तपासणीत निर्दोष ठरली. तोवर दुसरा वैशाख उजाडला होता.

मुख्य गोष्ट ही की, औषध हा उपाय नव्हे, तो केवळ पहारा आहे. चोर घरातच ठेवून दारावर पहारा बसविण्यात काय अर्थ? म्हणून आता टाकीकडे वळू.

सेप्टिक टाकी म्हणजे नुसता खड्डा नव्हे. तेथे जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधल्या थरातले पाणी पुढील शोषखड्ड्यात जाते. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव तळाचा मैला हळूहळू पचवितात. त्यांना काम करण्यास वेळ हवा. पाणी टाकीत निदान दिवसभर तरी स्थिर राहिले पाहिजे. १० माणसांच्या कुटुंबास, दोन वर्षांनी उपसा धरून, सुमारे साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि साडेचार फूट पाण्याची खोली, वर एक फूट मोकळी जागा, एवढी टाकी लागते. तळ व भिंती पाणीबंद हव्यात. आत दोनतृतीयांश अंतरावर आडभिंत असावी. पाणी आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या नळास खाली वळलेला तोंडाचा तुकडा असावा, म्हणजे वरची साय बाहेर पडत नाही. वायू जाण्यासाठी उंच नळी असावी व तिच्या तोंडाला डासांची जाळी बांधावी.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसले तरी जंतूंनी भरलेले असते, म्हणून खरा धोका शोषखड्ड्याचा आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे तो पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे ६० फूट, आणि घरापासून निदान २० फूट दूर असावा. जांभ्याच्या किंवा फुटक्या कातळाच्या जमिनीत एवढ्यावरही न थांबता आणखी दूर जावे, आणि नेहमी विहिरीच्या खालच्या अंगास जावे. अंतर मोजताना केवळ आपली विहीर मोजू नये, शेजाऱ्याचीही मोजावी. जमिनीखालचे पाणी सातबारा वाचून वाहत नाही.

रोजच्या वापराची पथ्ये थोडी आहेत. न्हाणीचे व मोरीचे पाणी टाकीत न सोडता पूर्वीप्रमाणे माडाला, केळीला द्यावे. पावळीचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये. फडकी, प्लास्टिक, खरकटे तेल आत टाकू नये. रोज तीव्र आम्ल व फिनेल ओतल्यास मैला पचविणारे जीवच मरतात. बाजारात टाकीसाठी पुड्या विकत मिळतात, त्यांवाचून काही अडत नाही. टाकीजवळ मोठ्या मुळांची झाडे लावू नयेत. वर्षातून एकदा लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून आत सोडावे व वर काढून काळा भाग मोजावा. गाळ तृतीयांशाहून अधिक झाला की उपसा करावा. साधारण दोन-तीन वर्षांत ही वेळ येतेच.

येथे मुंबई-पुण्याच्या मंडळींस दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपली गावची घरे वर्षाचे दहा महिने कुलूपबंद असतात, आणि गणपतीत त्याच घरात पंचवीस-तीस माणसे उतरतात. सहा माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर एकाएकी पाचपट भार पडतो. पाण्यास थांबण्यास अवधी मिळत नाही, मैला न बसता थेट शोषखड्ड्यात जातो, आणि हे सर्व भाद्रपदात, जेव्हा भूजल सर्वांत वर असते. मागाहून आपण मुंबईस परत जाता, आणि ते पाणी म्हातारे आईबाप पीत राहतात. म्हणून येण्यापूर्वी आठ दिवस विहिरीत औषध टाकण्याची व बाटलीने पाणी तपासण्याची व्यवस्था करावी, टाकी मे महिन्यातच पाहून ठेवावी आणि मुक्कामात पाणी उकळून प्यावे. ज्यांना जागा आहे त्यांनी दोन खड्ड्यांचा संडास बांधावा. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावा. पहिला दीड वर्ष बंद राहिला की त्यातल्या मैल्याचे सुके, वास नसलेले खत होते. अर्थात विहिरीपासूनचे अंतर त्यालाही पाळलेच पाहिजे.

आता शेवटचा, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टाकी उपसावयाची कोणी?

टाकीत कोणाही माणसास उतरवू नये. आत साचलेल्या वायूने मनुष्य एकदोन श्वासांत कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो व पान उलटतो. तेथे कंदील किंवा काडीही नेऊ नये, कारण त्यातला एक वायू पेट घेतो. २०१३ च्या कायद्याने टाकीत माणूस उतरवून धोक्याची सफाई करून घेणे हा गुन्हा ठरला असून पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा मृत्यूबद्दल वारसांस ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठरविले. उपसा यंत्राच्या गाडीनेच करवावा, आणि ती गाडी मैला नेऊन ओढ्यात ओतणार नाही, याचीही चौकशी करावी. गाडी टाकीपर्यंत पोचेल अशी वाट बांधतानाच ठेवावी.

पण मी केवळ कायद्याच्या धाकाने बोलत नाही. आपण ज्ञातीचे संमेलन भरविले आहे, म्हणून ज्ञातीच्या व्यासपीठावरूनच हे बोलले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी विहिरीला जपले, परंतु कोणापासून जपले? माणसाच्या स्पर्शापासून! १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या हाताने पाणी बाटत नव्हते, तो हात आपण दूर ठेवला. आणि ज्या मैल्याने पाणी खरोखर बाटते, तो २५ फुटांवर आणून ठेवला. वर तो काढण्याचे काम पुन्हा त्याच हातांवर सोपविले. हा हिशेब आपल्याला कधीतरी मांडावा लागेल.

आमच्या तालुक्यातच या बाबतीत एक थोर उदाहरण होऊन गेले. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपणांस सफाईचे काम मिळावे म्हणून उपोषण केले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनीही उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास बांधून दाखविले. एवढा विद्वान मनुष्य, पण आपली घाण ही आपली जबाबदारी आहे, एवढे एकच सूत्र त्यांनी आयुष्यभर धरले. १९७१ साली ते गेले. त्यांचा आश्रम माझ्या गावापासून दूर नव्हता. मी मात्र ते सूत्र मुलांना सांगितले आणि घरी विसरलो.

सभासदहो, भाषणाने विहीर स्वच्छ होत नाही. म्हणून संस्थेपुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, प्रत्येक सभासद कुटुंबाने या वर्षी आपली टाकी व आपली आणि शेजाऱ्याची विहीर यांतले अंतर दोरीने मोजावे. दुसरी, पावसाच्या आरंभी व गणपतीपूर्वी पाणी तपासावे. बाटल्यांचा खर्च संस्थेच्या आरोग्यनिधीतून व्हावा, आणि त्या बाटल्या केवळ ज्ञातीतच न वाटता वाडीतल्या सर्व घरांना द्याव्यात, कारण झरा सर्वांचा एकच असतो. तिसरी, ज्यांची टाकी चुकीच्या जागी आहे त्यांना ती हलविण्यासाठी बिनव्याजी उसनवार मिळावी, आणि आपल्या ज्ञातीतील तरुण स्थापत्य अभियंत्यांनी सुटीत गावी येऊन जागा निवडून द्याव्यात. आरोग्यनिधीसाठी माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी आजच कार्यवाहांकडे दिली आहे. ती देणगी समजू नये. ते माझे देणे आहे.

‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’ असे आपण म्हणतो. त्याच न्यायाने, आडात जे आहे ते पोहऱ्यात आल्यावाचून राहत नाही. आमची नवी टाकी आता विहिरीपासून ७५ फुटांवर, खालच्या अंगास आहे. जुना खड्डा गाडीने उपसून, चुना टाकून, मातीने बुजविला. गेली कित्येक वर्षे गणपतीच्या नैवेद्याचे पाणी वहिनी पुन्हा आमच्या सामाईक विहिरीचेच घेतात. मात्र कळशी भरण्यापूर्वी त्या आजही मला विचारतात, ‘भावोजी, बाटली पाहिलीत ना?’ आणि मी ती बाटली ओट्यावर आणून त्यांच्या हाती देतो.